मुंदाकाला जा, पण मुक्काम सराउत्सला ठेवा

पत्र थोडक्यात: पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या, बेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीने लिहिलंय. माहेर मालवणजवळ, त्यामुळे पोहणं लहानपणापासूनचं. तीन वर्षांपूर्वी कर्नाटकात मुल्कीला पाच दिवस सर्फिंग शिकल्या, नंतर दोनदा गोव्यात हात साफ केला. फेसाच्या लाटेवर नीट उभं राहता येतं, न फुटलेली लाट मात्र आजवर "मोजून चारदा" पकडलीय. मोबाइलवर स्पेनमधल्या बास्क किनाऱ्यावरच्या मुंदाका गावाची लाट पाहिली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मुलगा होस्टेलला गेलाय, आवर्ती ठेवीची मुदत संपून पैसे हातात आलेत, दिवाळीला जोडून बारा दिवस रजा मिळण्यासारखी आहे. मिस्टर मूळचे मिरजेचे, रेल्वेचं प्रचंड वेड, पण पाण्याची भीती, गुडघा दुखरा आणि जेवण शाकाहारी (अंडं चालतं). ते म्हणतात, "एवढ्या पैशात पॅरिस-स्वित्झर्लंडसकट अख्खा युरोप होतो. एका गावात बारा दिवस वाया कशाला घालवायचे?" नणंद एवढंच म्हणाली, "या वयात?" वाचकाचे प्रश्न असे: मुंदाकाला जाऊ का? तिथं जाऊन लाटच आली नाही तर सगळा खर्च वाया जाईल का? माझ्यापायी मिस्टरांची रजा वाया घालवण्यापेक्षा एकटीच जाऊ का? आणि बोर्ड इथून न्यावा का?

ताई,

तुमच्या मूळ पत्रात 'वाया' हा शब्द सात वेळा आलाय. वर मी तीनच ठेवले. पैसे वाया, रजा वाया, मिस्टरांचे दिवस वाया, आणि लाट आली नाही तर मुल्कीला शिकलेलंसुद्धा वाया. मला वाटतं, मुंदाका तुम्हाला मनापासून हवंय हे खरंच, पण त्या लाटेचं नाव मोठं आहे म्हणूनही ते हवंय. नणंदेला सांगता येईल, मिस्टरांना पटवता येईल, रात्री झोप लागली नाही तर स्वतःलाही समजावता येईल की एवढे पैसे मोडले ते काही साध्यासुध्या लाटेसाठी नाही. म्हणजे ती लाट तुमच्या खर्चाची पावती झालीय. आणि पावती डोळ्यांपुढे ठेवून जागा निवडायला गेलं की हमखास फसायला होतं.

आधी त्या लाटेबद्दल बोलू. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम तुम्ही लहानपणापासून पाहिला असणार. तोंडाशी रेतीचा दांडा, आत खाडीचं संथ पाणी, बाहेर समुद्र. ओहोटी लागली की त्या तोंडातून पाणी कशी ओढ घेऊन बाहेर पडतं, हे तुमच्या माहेरच्या कोणालाही विचारा. मुंदाकाचा मामला अगदी तोच आहे. ओका नावाची लहानशी नदी, उर्दाइबाईची रुंद खाडी (१९८४ पासून युनेस्कोच्या संरक्षित जीवावरण क्षेत्रांत तिची गणना होते), आणि तोंडाशी वाळूचा दांडा. फक्त समोर अरबी समुद्राच्या जागी बिस्केचा उपसागर. शरद सुरू झाला की उत्तर अटलांटिकमधल्या वादळांनी उठवलेल्या लाटा लांबचा प्रवास करून वायव्येकडून येतात, दांड्याला अडखळतात आणि बंदराच्या तोंडापासून आतल्या बाजूला एका रेषेत उलगडत जातात. पोकळ, वेगवान आणि खूप लांब. दक्षिणेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असला की लाटेची भिंत आणखी वेळ उभी राहते. हे सगळं जुळतं ते सुकतीच्या, म्हणजे पुऱ्या ओहोटीच्या सुमाराला. खाडी बाहेर ओढत असते, नेमकी तेव्हा. तिथले सर्फर गावच्या इवल्याशा बंदरातून पाण्यात उतरतात आणि त्याच ओढीवर स्वार होऊन फुकटात बाहेर पोहोचतात. त्यांना ती ओढ सोयीची, कारण परतीचा रस्ता त्यांना पाठ असतो.

एका ऑक्टोबरात मी तिथल्या सांता मारिया चर्चजवळच्या कठड्याला टेकून जवळजवळ तीन तास उभी होते. शेजारी टोप्या घातलेले चार म्हातारे, आपल्याकडे पारावर बसतात तसे. लाट आली की बोलणं थांबायचं, गेली की पुन्हा सुरू. पाण्यात तीसेक जण होते आणि एकमेकांशी कोणी फारसं बोलत नव्हतं. कोण कुठं थांबणार, कोणाची पाळी, सगळं न बोलता ठरलेलं. एक तरणाबांड पाहुणा दोनदा चुकीच्या जागी घुसला. तिसऱ्या लाटेनंतर तो दिसेनासा झाला आणि वीस मिनिटांनी बंदराच्या पायऱ्या चढून आला तेव्हा त्याच्या हातात अर्धाच बोर्ड होता. म्हाताऱ्यांपैकी एकानं त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. मला स्वतःला सर्फिंगमधलं तुमच्यापेक्षाही कमी येतं, पण त्या मान हलवण्याचा अर्थ मला कळला.

तर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मुंदाकाला जरूर जा, त्या लाटेत उतरू नका. "मोजून चारदा" हे तुम्हीच लिहिलंत, आणि इतकं खरं लिहिलंत म्हणून मीही खरं सांगते. तुमचं पोहणं चांगलं असेल, पण तिथं प्रश्न पोहण्याचा नाही. फुटणाऱ्या लाटेच्या बरोब्बर कोणत्या जागी बसायचं, कोणाला आधी जाऊ द्यायचं आणि दोन सेकंदांत कसं उठायचं, हे अंगात मुरलेलं लागतं. ते चार लाटांत मुरत नाही. चाळीस लाटांतही नाही.

आता 'लाटच आली नाही तर?' या भीतीकडे येते. ती भीती खोटी नाही, फक्त ती तुम्हाला एकटीलाच नाही. मुंदाकात जागतिक स्पर्धा भरायची. २००३ च्या सुमारास नदीतली वाळू उपसली गेली, खाडीतल्या गोदीतलं जहाज बाहेर काढण्यासाठी. त्यानंतर तोंडाशी असलेल्या दांड्याचा आकार बिघडला आणि लाट रुसली. २००५ ची स्पर्धा रद्द झाली. जगातले सगळ्यात तयार सर्फर, प्रायोजक, पैसे, सगळं जागच्या जागी, आणि लाटच नाही. पुढं नदीनं आणि समुद्रानं वाळू पुन्हा आपापल्या जागी आणली आणि लाट परतली. चांगल्या वर्षीही तिथं रोज लाट नसते. काही दिवस येते, काही दिवस समुद्र तळ्यासारखा असतो. तेव्हा अशा एकाच लाटेवर बारा दिवसांची रजा लावणं म्हणजे एकाच घोड्यावर आवर्ती ठेव लावणं. बँकेतल्या माणसानं तरी हे करू नये.

मग कुठं राहायचं? माझं मत सरळ आहे: सराउत्स. नकाशावर रोमन झेडनं सुरू होणारं नाव शोधा. बास्क भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'स' होतो (आणि टी-एक्स असं दिसलं की 'च' वाचा, म्हणजे पाट्या वाचताना अर्धी लढाई जिंकलीत). दोनोस्तिया, म्हणजे सान सेबास्तियान, तिथून युस्कोट्रेन या तिथल्या स्थानिक रेल्वेनं पाऊण तासाच्या आसपास. अडीच किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा, बास्क प्रांतातला सगळ्यात लांब. वाळू लांबलचक असल्यानं लाट एका जागी फुटत नाही, ठिकठिकाणी फुटते. तयार मंडळी एका टोकाला, सर्फिंगच्या शाळांचे रंगीत बनियन घातलेले शिकाऊ दुसरीकडे, मधे तुमच्यासारखे अधलेमधले. तुमच्या आजच्या तयारीला असाच किनारा हवा. इथं रोज दोन तास, सात दिवस, चांगल्या शिक्षकाबरोबर पाण्यात उतरलात तर त्या चारच्या कदाचित तीस होतील. ही हमी नव्हे, पण मुंदाकापेक्षा शक्यता कितीतरी जास्त.

गर्दीबद्दल एक. सराउत्सला उन्हाळ्यात पाण्यात पाय ठेवायला जागा नसते. लाटेच्या फुटणाऱ्या टोकाजवळ जो असेल त्याची लाट, हा नियम मुल्कीला शिकवला असेलच. तो तिथं काटेकोर पाळतात. पाण्यात शिरताना कोणाशी नजरानजर झाली तर "काइशो" म्हणा. बास्कमधला नमस्कार आहे तो. स्पॅनिश न येणाऱ्या परदेशी बाईनं बास्क शब्द उच्चारला की पलीकडचा चेहरा सैल होतो, हे मी स्वतः पाहिलंय. "एस्केर्रिक आस्को" म्हणजे धन्यवाद. एवढे दोन पुरतात.

लाटा फार मोठ्या झाल्या तर सराउत्स शिकाऊंसाठी बंद झाल्यातच जमा. अशा दिवसासाठी दुसरं गाव हाताशी ठेवा: आंदाय. सरहद्दीपलीकडे, फ्रान्सच्या हद्दीतलं, पण तेही बास्कच. लांब, उथळ आणि बराच आडोसा असलेला किनारा, लाट तुलनेनं गरीब. दोनोस्तियाहून 'तोपो' नावाची लोकल थेट तिथं जाते. तोपो म्हणजे चिचुंदरीसारखा जमिनीखाली राहणारा प्राणी. गाडी बोगद्यांतून जाते म्हणून हे नाव. व्हिसा एकच चालतो, पण पासपोर्ट खोलीवर विसरू नका. (युरोपात सर्फिंग रुजलं तेही त्याच किनाऱ्यावर, थोडं वर बिआरित्झला, १९५७ मध्ये. नणंदेसाठी पावती लागलीच तर ही घ्या.)

आता तारखा. दिवाळीची रजा मला पटत नाही. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबर हा मुंदाकाचा मोसम, म्हणजे तयार सर्फरांचा मोसम. लाटा दांडग्या, पाणी १६ अंशांच्या आसपास, आणि घड्याळं मागे केल्यामुळे संध्याकाळी सहाला अंधार. आपल्याकडे समुद्र २८ अंशांचा असतो. बारा अंशांचा हा फरक कागदावर छोटा दिसतो, पायाच्या घोट्याला कळतो. ऑगस्ट म्हणावा तर अख्खा स्पेन रजेवर, खोल्यांचे भाव चढलेले आणि समुद्र कित्येकदा सपाट. उत्तम काळ सप्टेंबरचा. पाणी २० अंशांच्या आसपास, शाळा सुरू झाल्यानं गर्दी पांगलेली, शरदाच्या पहिल्या लाटा यायला लागलेल्या. पण सप्टेंबर म्हटलं की गणपती. आणि गणपती सोडून समुद्रावर जा, असं मालवणच्या लेकीला सांगायची माझी छाती नाही.

म्हणून माझा सल्ला: पितृपक्षात जा. गणपती गावाला गेले, घटस्थापनेला अवकाश आहे, ऑफिसात कोणी रजा मागत नाही. तो काळ बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, बरोब्बर हवा तेव्हा. सासरच्यांची तिथी असेल ती तेवढी सांभाळा. "पितृपक्षात प्रवास?" असं कोणी म्हणेलच. त्यांना सांगा, पूर्वजांपैकी निम्मे दर्यावर्दी होते. फक्त एक लक्षात ठेवा, जीवरक्षक तिथं उन्हाळ्यापुरते असतात आणि मोसम सरताना उठतात. एकटीनं पाण्यात उतरू नका, क्लासबरोबरच उतरा.

मिस्टरांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या पत्राचा खरा गुंता तिथं आहे. तुम्ही धरून चाललात की दोनच वाटा आहेत: त्यांना नेऊन कंटाळवायचं किंवा एकटीनं जाऊन अपराधी वाटून घ्यायचं. एकटीनं जायला माझी अजिबात हरकत नाही. किनारा सुरक्षित आहे, शाळांमध्ये एकट्या आलेल्या बाया भरपूर असतात. पण त्या माणसाला एकदा विचारलंत का, की तुम्हाला तिथं नेमकं काय नको आहे? मला शंका आहे की 'अख्खा युरोप' हे त्यांचं स्वप्न नसून बारा दिवस वाळूत बसून बायकोचा टॉवेल सांभाळावा लागेल ही धास्ती आहे. ती मीही घेतली असती.

आणि खरं सांगू का, हा किनारा रेल्वेवेड्यासाठी बनवलाय. युस्कोट्रेनचं जाळं मीटरगेजवर, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांवर चालतं. होय, मीटरगेज, आजच्या तारखेला, विजेवर, मिनिटाला मिनीट. बिल्बाओची मेट्रोसुद्धा मीटरगेज आहे. मिरजेच्या माणसाला यापुढं काही सांगावं लागेल असं वाटत नाही. आस्पेइतिया गावात जुन्या स्थानकात बास्क रेल्वे संग्रहालय आहे आणि मोसमात शनिवार-रविवारी तिथून वाफेचं इंजिन गाडी ओढत नेतं. त्याच गावात जेझुइट पंथ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसचं जन्मघर. त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नाव्हार्राचा. त्याचं आडनाव बास्कमधल्या 'नवं घर' या अर्थाच्या शब्दावरून आलंय आणि त्याचं शव जुन्या गोव्यात आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. बिल्बाओजवळ १८९३ चा विस्काया पूल आहे, लोखंडी तुळईला टांगलेल्या पाळण्यातून माणसं-मोटारी नदीपार नेणारा. तो रोजच्या वापरात आहे, कोणी शोभेसाठी ठेवलेला नाही. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ त्या पाळण्यातून सलग पाच खेपा मारून आले आणि बायकोला म्हणाले की उद्या परत.

गुडघ्याचं म्हणाल तर सराउत्सहून गेतारियापर्यंत समुद्राच्या कडेनं सपाट पादचारी रस्ता आहे, साधारण चार किलोमीटर. जाताना चालत, येताना बसनं. गेतारिया हे एल्कानोचं गाव. मॅगेलन फिलिपिन्समध्ये १५२१ मध्ये मारला गेला, त्यानंतर जहाज घेऊन १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा तो हाच. गाव छोटं, उतार थोडा, बंदरावर मासे भाजल्याचा वास. तो वास मिस्टरांना झेपत नसेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा.

जेवणाचं आता सांगूनच टाकते, कारण तिथं घोटाळे होतात. स्पेनमध्ये 'व्हेजिटल' सँडविच मागितलं तर त्यात बहुतेकदा ट्यूना निघतो. 'मिश्र सॅलड'मध्येही तेच. मासा हे तिथं मांसात धरत नाहीत. म्हणून "मांस नको, मासा नको, हॅमही नको" असं तिन्ही वेगवेगळं सांगायचं. अंडं चालतं हे मोठं भाग्य: बटाटा-अंड्याची जाड तोर्तिया कुठल्याही बारमध्ये सकाळपासून मिळते. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ भुरभुरवून देतात, तिखट जवळजवळ नाहीत. इदियासाबाल नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज. आणि जत्रेत-बाजारात कुठं 'तालो' दिसलं तर थांबा. मक्याच्या पिठाचा गोळा हातावर थापून तव्यावर भाजतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बाईच्या हातांकडेच बघत राहिले, कडा वळवायची लकब थेट आपल्या भाकरीची. आत सॉसेज घालतात, तुम्ही चीज घालायला सांगा. घर स्वयंपाकघरासकट घ्या, रात्री जेवायला हॉटेलं नऊशिवाय धड उघडत नाहीत आणि पाण्यातून आलेल्या माणसाला सातलाच भूक लागते. पोहे, मेतकूट, चटणी न्या. तूप, पेढे, कोणताही दुधाचा पदार्थ नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना बंदी आहे.

बोर्ड इथून नेऊ नका. विमान कंपनीचं भाडं, बदलीच्या विमानतळावरची धाकधूक, आणि पोहोचल्यावर कळणार की तिथल्या लाटेला वेगळाच बोर्ड लागतो. तिथं भाड्यानं मिळतात, क्लासमध्ये तर फीमध्येच धरलेले असतात. वेटसूटही (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) तिथलाच घ्या, सप्टेंबरअखेर 'तीन-दोन' जाडीचा पुरतो, म्हणजे धडाला तीन मिलीमीटर, हातापायांना दोन. एक सूचना स्वानुभवातून: माप देताना लाजू नका. मला एका शाळेत एक माप लहान दिला, मी भिडेखातर काही बोलले नाही, आणि सगळा तास लाटेपेक्षा श्वासाशी झटापट केली. वेटसूट घालताना पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवा, पाय सरकन आत जातो, मग पिशवी काढून घ्या. वर चढवताना नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर घ्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील, घाम फुटेल. चौथ्या दिवशी तीन. आत घालायला अंगाबरोबर बसणारा पोहण्याचा पोशाख आणि किनाऱ्यावर कपडे बदलायला टॉवेलचा झगा, एवढं घरून न्या. चष्मा असेल तर त्याची सोय आधी करा, लाट दिसलीच नाही तर पकडणार काय!

कागदपत्रांचं पटकन सांगते. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री त्या देशाचा काढायचा, म्हणजे तुमच्यासाठी स्पेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांपर्यंत थांबू नका, तारखा मिळत नाहीत. फी ९० युरो, वर केंद्राचा सेवाआकार. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, पण इथंच मेख असते. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांतून साहसी खेळ वगळलेले असतात. सर्फिंगचा उल्लेख पॉलिसीच्या कागदात शोधा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. विमान बिल्बाओपर्यंत घ्या, एखादी बदली लागेल.

मिस्टरांना पॅरिस हवंच असेल तर तेही जमतं. आंदायहून पॅरिसला थेट वेगवान गाडी आहे, पाच तासांच्या आसपास, आणि परतीचं विमान तिथूनच पकडायचं. शेवटच्या तीन रात्री त्यांच्या. पण मग मुंदाकाची फेरी सुटेल, आणि स्वित्झर्लंडचं नाव काढू नका. बारा दिवसांत तीन देश म्हणजे बॅगा उचलण्याचा व्यायाम.

नणंदेच्या "या वयात?"ला उत्तर तोंडी देऊ नका. सराउत्सला सकाळी पोहायच्या टोप्या घालून सत्तरीच्या बाया गप्पा मारत कमरेएवढ्या पाण्यात चालत असतात, त्यांचा एक फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. स्वतःपुरतं मात्र वय नव्हे, खांदे बघा. सर्फिंगमध्ये उभं राहण्याचा वेळ सेकंदांत मोजतात, हातांनी वल्हवण्याचा तासांत. जायच्या आधी तीन महिने आठवड्यातून तीनदा तलावात फ्रीस्टाइल पोहा. घरी सतरंजीवर पालथं पडून, भुजंगासनात छाती उचलून, एका झटक्यात दोन्ही पाय खाली घ्यायचे, रोज वीसदा. गोव्यात उजळणी करायची तर मेच्या मध्यापर्यंत करून टाका. पावसाळ्यातला आपला समुद्र कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

ज्यांनी हे पत्र वाचता वाचता स्वतःचीही बॅग भरायला घेतली त्यांच्यासाठी: पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका, मग बास्क किनाऱ्याचा विचार करा. क्लासवाले "कमरेएवढ्याच पाण्यात शिकवतो" म्हणतात ते खरं असतं, पण तिथली भरती-ओहोटी मुंबईसारखीच मोठी आहे, उधाणाला चार मीटरच्या वर. कमरेएवढं पाणी अर्ध्या तासानं कुठं गेलेलं असेल सांगता येत नाही. पाणी आत ओढतंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा, आणि बोर्ड हातचा सोडू नका. लाल झेंडा असेल तर त्या दिवशी तोर्तिया खा. आणि ज्यांच्याकडे फक्त चारच दिवस आहेत त्यांनी सराउत्सचाही नाद सोडून बिल्बाओत राहावं. तिथून मेट्रोनं सोपेलाला उतरलं की चालत किनारा गाठता येतो आणि तिथंही शाळा आहेत.

छत्री, रेनकोट काहीतरी ठेवाच. तिथं एक बारीक पाऊस पडतो, दिसत नाही पण भिजवतो. त्याला ते लोक 'सिरिमिरी' म्हणतात. आपल्या रिमझिमीची मावसबहीण.

आता मुंदाका. सराउत्सचे दिवस संपले की शेवटच्या दोन रात्री तिथं ठेवा. बॅगा घेऊन बिल्बाओकडची गाडी पकडा, आमोरेबिएताला उतरून बेर्मेओची गाडी घ्या. जोडगाड्यांचं वेळापत्रक मिस्टरांना काढू द्या, त्यांच्या हातून हिसकावून घेऊ नका. वाटेत गेर्निका लागतं, २६ एप्रिल १९३७ ला बॉम्बफेकीत बेचिराख झालेलं. तो सोमवार होता, बाजाराचा दिवस. बाजार अजूनही सोमवारीच भरतो. जमल्यास तोच वार धरा, उतरा, मिरच्या घ्या, बास्क सभागृहापुढचा ओक वृक्ष (बास्कांच्या स्वातंत्र्याची खूण) बघा आणि पुढची गाडी पकडा. त्या दिवशी सुकतीची वेळ काय आहे हे आदल्या रात्री बघून ठेवा आणि तासभर आधी मुंदाकाला पोहोचा. आणि हो, गेर्निकाहून पुढं जाताना डब्यात उजव्या हाताच्या खिडकीत बसा. खाडी त्या अंगाला आहे.